कोरसवाले कचरूमामा

आमच्या गल्लीतल्या कचरूमामांना काही सांगायचं, तर ते दोनदा ऐकायची तयारी हवी. आपण म्हणावं, "मामा, आज नळाला पाणी नाही." मामा मान डोलावून सुरात म्हणणार, "पाणी नाऽही." शेजारच्या देशमुखांचे वडील वारले तेव्हा मामा भेटायला गेले. देशमुख रडत म्हणाले, "दादा गेले हो." मामांनी डोळे मिटून "गेले होऽ" असं काही लांबवलं, की देशमुखांची सून तोंडाला पदर लावून आत पळाली.

त्यांचा उभा जन्म कोरसमध्ये गेला, त्याला ते तरी काय करणार? पुढं शेवंतामामी गायच्या, ढोलकीवर युनूसभाई, मागं मामा. भीमजयंती असो, उरूस असो की गणपती, गल्लीची गायनपार्टी हीच. "म्होरं शेवंता, मागं आपुन. संसारबी तसाच," असं मामा कौतुकानं सांगायचे.

दिवाळीनंतर मामींना अर्धांगवायू झाला. वाचा गेली. डॉक्टर म्हणाले, "तुम्ही एकेक शब्द म्हणा, त्यांना मागून म्हणू द्या. आत्ताच केलंत तर थोडंफार बोलतील. पुढं कठीण आहे."

मामा रोज खाटेसमोर बसत, घसा साफ करत आणि गप्प राहत. पहिला शब्द काही निघेना. मी एकदा वैतागून म्हणालो, "अहो, नुसतं पाणी म्हणा!"

"पाणी म्हणा," मामा म्हणाले.

मला हसू आलं, आणि हसल्याची लाजही वाटली.

जयंती आली. मामींच्या जागी बजाजनगरची एक मुलगी गाणार होती. संध्याकाळी मी मामांकडंच होतो, तेव्हा युनूसभाई बोलवायला आले. "चलो मामा, तुमारे बगैर पार्टी सूनी लगती."

"नाय. दुसरीच्या मागं म्या गायलो, तर हिला वाटंल आपलं काम सरलं."

युनूसभाई खाली बसले आणि खाटेच्या पट्टीवर बोटांनी मामींच्या गाण्याचा ठेका धरला. मामांनी घसा साफ केला. मग त्यांनी मामींची ओळ उचलली. सूर भलतीकडंच होता.

ओळ संपली. मामी नुसत्या बघत होत्या. मागची ओळ मामांनी जन्मभर म्हटलेली, पण ते ओठ घट्ट मिटून बसले. युनूसभाईंची बोटं थांबली.

"ठेका सोडू नका, भाई," मामा म्हणाले. "तिची पाळी हाय."

ठेका चालू राहिला. मामींचे ओठ हलले नाहीत. मला तिथं बसवेना, पण उठवतही नव्हतं.

मामांनी पुन्हा पहिली ओळ घेतली.