रकाना रिकामा ठेवू नये

धनाजीराव मोहित्यांनी बडोद्याची मोहीम अशी काही आखली होती, की शत्रूला वाससुद्धा लागला नसता. आता शत्रू म्हणजे कोण? तर सगळे सख्खे नातेवाईक!

बडोद्यात त्यांना हक्काची तीन घरं होती. नागरवाड्यात जगदेवरावमामा, रावपुऱ्यात आत्या आणि गोत्रीला मावसभाऊ अनुज. मामांकडे उतरलं की आत्या रुसायची. आत्याकडे उतरलं की अनुज वर्षभर पत्राला उत्तर देत नसे. आणि कुठंही उतरलं तरी कौशल्याबाई एकाच ठिकाणी उतरायच्या: स्वयंपाकघरात! लग्नाला सव्वीस वर्षं झाली, चार वेळा बडोदं झालं, पण त्यांनी पाहिलेलं बडोदं म्हणजे तीन ओटे आणि तीन मोऱ्या.

सत्त्याण्णवच्या मे महिन्यात मात्र त्यांनी साताऱ्यातच बजावलं, "एकदा तरी मला कुणीतरी अंथरुणात चहा आणून द्यावा. मी तो पाय पसरून प्यावा आणि कप तिथंच ठेवावा. एवढं केलंत तर जन्मात दुसरं काही मागणार नाही."

"एवढंच ना? स्टेशनाजवळच्या हॉटेलात उतरू! फार भारी नको, फार हलकं नको. पण खोलीत एसी आणि नळाला गरम पाणी हवं. दोन दिवस राहू, राजवाडा बघू आणि गुपचूप परत येऊ. मामांना पत्ता लागला तर मिशा उतरवीन!"

मिशा ठेवलेल्याच नसल्यामुळे पैज सोपी होती.

हॉटेल सयाजीगंजात मिळालं. मॅनेजर हार्दिकभाईंनी "आवो, आवो" करत रजिस्टर पुढे सरकवलं, आणि इथंच घात झाला. धनाजीराव जिल्हा परिषदेत हेडक्लार्क. रिकाम्या रकान्यापायी त्यांनी तीस वर्षांत हजारो अर्ज परत पाठवले होते. रजिस्टर दिसताच त्यांच्या हाताला स्फुरण चढलं. नाव लिहिलं, वय लिहिलं, येण्याचं कारण लिहिलं. शेवटचा रकाना होता 'स्थानिक ओळख'.

"साहेब, ते नाय लिहिलं तरी चालशे," हार्दिकभाई म्हणाले.

"चालशे कसं? रकाना म्हणजे रकाना!" असं म्हणून धनाजीरावांनी सुवाच्य अक्षरात मामांचं नाव, नागरवाड्याचा पत्ता आणि फोन नंबर लिहिला. खाली रेघसुद्धा मारली.

खोलीत गेल्यावर कौशल्याबाईंनी पहिल्यांदा गादीवर दोनदा बसून पाहिलं. धनाजीरावांनी पाच वाजताचा चहा सांगून ठेवला, फोनचा रिसीव्हर काढून बाजूला ठेवला, 'त्रास देऊ नये' ही पाटी दाराला अडकवली आणि थंडगार हवेत दोघं आडवी झाली.

चष्मा आणि परतीची तिकिटं मात्र खाली काउंटरवरच राहिली होती.

हार्दिकभाईंनी खोलीत फोन लावला. एंगेज. अर्ध्या तासानं लावला, तरी एंगेज. दार वाजवावं तर दारावर पाटी! माणूस नेकीचा. त्यानं रजिस्टर उघडलं आणि नागरवाड्याला फोन केला, "तुमचे धनाजीराव इथे छे. चष्मो नीचे छे, साहेब ऊपर छे. फोन लागत नाय, बारणुं उघडत नाय."

जगदेवरावमामांचे पणजोबा सरकारच्या घोडदळात होते. घोडा गेला, पण टाच मारायची सवय घराण्यात राहिली. वीस मिनिटांत सगळं नातं हॉटेलात! मामा, मामी, थर्मास घेतलेली आत्या आणि बायकोला स्कूटरवर बसवून अनुज.

"धन्या, दार उघड!" मामा दोन्ही मुठींनी दार बडवत होते. "जे झालं ते झालं! जिवाचं काही करून घेऊ नकोस!"

"कौशल्ये, तू तरी बोल गं!" मामींनी हंबरडा फोडला.

धनाजीरावांनी डोळे चोळत दार उघडलं. दोघं धडधाकट आहेत हे पाहून मामींनी देवाला हात जोडले. मग मामांच्या लक्षात खरा गुन्हा आला.

"हॉटेलात? आम्ही काय मरी गया?"

"मामा, तुम्हाला त्रास नको म्हणून..."

"त्रास! भाच्याचा त्रास!" मामा खुर्चीत कोसळले. "माफी माग. त्याशिवाय मी इथून हलणार नाही!"

धनाजीरावांनी ताबडतोब पाय धरून माफी मागितली. मामा हलले नाहीत.

"मनापासून नव्हती," ते म्हणाले. नेमका एसीचा झोत त्यांच्या मानेवर येत होता.

तेवढ्यात पाच वाजले आणि चहा आला. कौशल्याबाईंनी हात पुढे केला, पण वेटरनं ट्रे पलंगावर जी पाय पसरून बसली होती तिच्यापुढे धरला. ती राजेश्वरीमामी होती.

"अगंबाई! जागेवर चहा?" मामींनी घोट घेतला आणि कप तिथंच ठेवला. "शुं सरस!"

कौशल्याबाई नवऱ्याकडे बघतच राहिल्या. धनाजीरावांनी तेव्हा पंख्याकडे बघणं पसंत केलं.

मग आत्यानं गरम पाण्याचा नळ उघडून पाहिला. अनुजची बायको आंघोळीलाच गेली. संध्याकाळपर्यंत हार्दिकभाईंनी जादा गाद्या पाठवल्या होत्या आणि मामांचा राग अजून उतरला नव्हता.

"आम्ही रात्री इथंच राहणार," त्यांनी जाहीर केलं. "पण घर असंच टाकून आलोय. पहाटे नळ येतो, सहाला दूधवाला येतो. कुणीतरी जायला पाहिजे ना? तू तर काय, घरचाच!" आणि किल्ली धनाजीरावांच्या हातात पडली.

दुसऱ्या दिवशी पहाटे नागरवाड्यात नळ आला. कौशल्याबाई हलल्या नाहीत.

"अगं, पाणी आलं."

"मी हॉटेलात आहे," पांघरुणातून आवाज आला.

धनाजीरावांनी पाणी भरलं, दूध घेतलं आणि सव्वीस वर्षांत पहिल्यांदा चहा केला. अंथरुणात नेऊन दिला. कौशल्याबाईंनी पाय पसरून तो सगळा प्यायला आणि कप तिथंच ठेवला. मग म्हणाल्या, "राजवाडा राहिला तरी चालेल."

राजवाडा राहिलाच. दुपारच्या गाडीआधी ते सामान न्यायला हॉटेलात गेले, तर सगळी मंडळी नाश्ता करून आणखी टवटवीत झालेली! हार्दिकभाईंनी अभिप्रायाचा छापील फॉर्म पुढे केला. 'खोलीतली सेवा कशी वाटली?' धनाजीरावांचा हात अडला. खोलीत राहिलं कोण होतं?

कौशल्याबाईंनी पेन काढून घेतलं आणि लिहिलं, "चहा वेळेवर आला. साखर घालायची राहिली."

शेवटचा रकाना होता 'पुन्हा याल का?' धनाजीरावांनी मामांकडे पाहिलं, मामींकडे पाहिलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा एक रकाना तसाच सोडून फॉर्म परत केला.

"साहेब, एक खानुं खाली रही गयुं!" हार्दिकभाई ओरडले.

"खाली कसं राहील? द्या इकडे!" मामा खुर्चीतून उठले. कालपासून पहिल्यांदाच. त्यांनी ठसठशीत अक्षरात लिहिलं, "अवश्य! दिवाळीत. सहकुटुंब."

आणि पाहुण्याचं नाव म्हणून खाली धनाजीरावांचं नाव घातलं, साताऱ्याच्या पूर्ण पत्त्यासकट.