सात इंच उंबरठा आणि पाण्याचा निचरा

जमीन मुळात सपाट नसते. ती सपाट आहे असे तिच्यावर कधी खुर्ची न मांडलेल्या माणसालाच वाटते. हे सत्य साहेबांना नोकरीत उमगले होते. एकतीस वर्षे ते गटारांचे नकाशे मंजूर करणाऱ्या खात्यात होते आणि त्यांनी मंजूर केलेले एकही गटार आजवर तुंबलेले नाही. (त्यातले एकही बांधले गेले नाही, हा भाग वेगळा.) असा माणूस निवृत्तीनंतर घरी किती दिवस स्वस्थ बसणार?

त्यांच्या पत्नीच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली आणि डॉक्टरांनी सांगितले, रोज मोकळ्या हवेत, सपाट जागेवर चाला. स्वयंपाकघरामागे अंगण होते, मोकळी हवाही होती. सपाट जागा तेवढी नव्हती. जरा पाणी सांडले की चिखल.

"अहो," बाई म्हणाल्या, "मागे चार फळ्या टाकून घ्या ना. मला चालता येईल."

'टाकून घ्या' हे शब्द साहेबांना लागले. फळ्या टाकायच्या नसतात, त्यांचे नियोजन करायचे असते. उंबरठा जमिनीपासून अवघा सात इंच वर. त्यातून फळी आणि तुळई वजा केली की खाली हवेला दोन इंच उरतात. तिथे पाणी साचले तर लाकूड तीन वर्षांत कुजणार. हे सगळे खरे होते. साहेबांचे म्हणणे नेहमीच खरे असे, आणि घरच्यांची अडचण नेमकी तीच होती.

पहिला टप्पा पाहणीचा. साहेबांनी अंगणात बादलीभर पाणी ओतले आणि ते कुठे जाते ते पाहत उभे राहिले. पाणी उताराकडे गेले. एका बादलीवरून निष्कर्ष काढणे बेजबाबदारपणाचे, म्हणून आणखी सोळा ओतल्या. त्रेसष्ट टक्के पाणी शेजाऱ्यांकडे, बावीस टक्के स्वयंपाकघराच्या दाराकडे. उरलेल्या पंधरा टक्क्यांचा ठावठिकाणा लागला नाही. (ते साहेबांच्या बुटांत होते.) पाहणीनंतर आठवडाभर अंगणात कोणाला पाऊल टाकता आले नाही, त्यामुळे समस्येचे गांभीर्य आपोआप सिद्ध झाले.

मग सुताराला बोलावले. त्याने उकिडवे बसून मातीत बोट खुपसले, उंबरठ्याला पाणसळ लावून पाहिली आणि म्हणाला, "चार इंच माती काढायची, घरापासून लांब उतार द्यायचा, खाली खडी. फळ्यांमध्ये खिळ्याएवढी फट ठेवायची. दोन दिवसांचं काम आहे, साहेब."

साहेबांनी त्याला चहा पाजून परत पाठवले. जे काम दोन दिवसांत होते त्याचा विचार झालेला नसतो, असा त्यांचा अनुभव होता. (झालेल्या कामाचा त्यांना अनुभव नव्हता.)

सात महिन्यांत फळ्यांच्या ओट्याचे नऊ नकाशे झाले. पाणी निळ्या बाणांनी, हवा पिवळ्या बाणांनी. आठव्यात बाणांची इतकी गर्दी झाली की ओटा दिसेना; नवव्यात ओटाच काढून टाकला, तेव्हा निचरा उत्तम झाला. फ्रिजवर हरकती व सूचनांसाठी कागद लावला, मुदत तीस दिवस. एकच सूचना आली, पत्नीच्या अक्षरात: 'लवकर'. तिच्यावर 'नोंद घेतली' असा शेरा मारून ती फायलीत लावण्यात आली.

दरम्यान बाई घरातल्या पॅसेजमध्ये चालत. अकरा पावले, वळण, पुन्हा अकरा. वळताना भिंतीचा आधार घ्यावा लागे. तिथला रंग निघू लागला. साहेबांच्या नजरेतून तो डाग सुटला नाही. भिंतीत ओल आहे का, याची त्यांनी तातडीने तपासणी केली. ओल नव्हती.

एका दुपारी जोराचा पाऊस कोसळला. साहेब मागच्या दारातून ओरडले, "अगं, ये लवकर. बरोब्बर सातव्या नकाशासारखं चाललंय."

बाई भिंत धरत धरत आल्या. पाणी उंबरठ्याच्या दोन बोटे खाली होते.

"छान," त्या म्हणाल्या. "तुमचं पाणी निदान बाहेर पडतंय. मी सात महिने आतच आहे."

साहेबांना वाईट वाटले. माणूस म्हणून ते वाईट नव्हतेच. त्याच संध्याकाळी त्यांनी दहावा नकाशा काढायला घेतला आणि त्यात पहिल्यांदाच एक छोटी मनुष्याकृती दाखवली. (प्रमाणात.)

पुढच्या आठवड्यात निवृत्त नियोजकांच्या मंडळाने त्यांना परगावी दोन दिवस व्याख्यानांना बोलावले. विषय: 'कमी उंचीचा ओटा: आव्हाने आणि दिशा'. टाळ्या झाल्या. परत आले तर मागचे दार उघडे, ओटा तयार, सुतार हत्यारे गोळा करतोय आणि बाई फळ्यांवरून चालताहेत, हात कुठेही न टेकता.

साहेबांनी पाणसळ लावली. उतार बरोबर. फटी बरोबर. बादलीभर पाणी ओतले. ते फटींतून खाली उतरले आणि एकही बाण नसताना घरापासून लांब निघून गेले.

"कोणत्या नकाशाप्रमाणे केलंत?"

"नकाशा कसला?" सुतार म्हणाला. "वहिनींनी बोलावून घेतलं. किती पावलं हवीत ते सांगितलं."

साहेब उंबरठ्यावर टेकले. बाई दोनदा समोरून गेल्या.

"अगं, तू पाय ओढतेस."

"कधीपासूनच," बाई म्हणाल्या आणि वळल्या.

साहेब साधारण चार मिनिटे त्या पावलांकडे पाहत राहिले. मग ते उठले आणि कार्यपूर्ती अहवाल लिहायला बसले: सात महिन्यांच्या काटेकोर नियोजनामुळे प्रत्यक्ष काम केवळ दोन दिवसांत. सुताराची नोंद 'इतर' मध्ये, पत्नीची 'लाभार्थी' मध्ये.

हल्ली लोक ओटा पाहायला येतात. सुताराचा फोन नंबर कोणी मागत नाही, नकाशाची प्रत मात्र सगळे मागतात. साहेबांनी त्यासाठी अर्जाचा छापील नमुनाच केला आहे: लांबी, रुंदी, मातीचा प्रकार, पाण्याची दिशा. ओटा कोणासाठी हवा, असा रकाना त्यात नाही. एक्केचाळीस अर्ज आले. तो रकाना का नाही, हे एकानेही विचारलेले नाही. आपल्यालाही मघापासून तो उतार नेमका किती ठेवला हे विचारावेसे वाटत असेल, तर संकोच करू नये. बेचाळिसावी प्रत आपल्या नावाने काढून ठेवली आहे.