दाजींची शून्य टक्के झिंग

माझं नाव ऐकून गुन्हेगारांचा थरकाप उडत नाही, याचं एकच कारण आहे: त्यांच्यापर्यंत माझं नाव अजून पोचलेलं नाही. एरवी नजर घारीची, कान सशाचे आणि बुद्धीबद्दल आपणच बोलणं बरं दिसत नाही, म्हणून ते काम मी माझा सहायक बंकट याच्यावर सोपवलंय. बंकटला कोणी विचारलं तर तो सांगतो, "डोकं हाय की सायबाला. टोपी बसती त्याच्यावर."

पालीला रस्त्यालगत माझं सीसीटीव्ही कॅमेरे बसवून देण्याचं दुकान आहे. पाटीवर 'युवराज कॅमेरा' हे ठळक, आणि त्याखाली 'गुप्त तपास केला जाईल' हे बारीक अक्षरात. बारीक का? गुप्त म्हणून. आजवर मी दोन मोठी प्रकरणं तडीस नेली. धरणाच्या काठावरून गायब झालेली म्हैस (मी शोधायला निघालो तेव्हा ती गोठ्यात परत आलेली होती) आणि तलवाड्याच्या लग्नातून चोरीला गेलेले नवरदेवाचे बूट (ते नवरदेवाच्याच पायात सापडले). दोन्ही ठिकाणी माझ्या नुसत्या धास्तीनं काम झालं, असं माझं मत आहे.

तिसरं प्रकरण मात्र घरातलंच निघालं. श्रावण निम्म्यावर आला होता आणि वडवणीहून माझ्या थोरल्या बहिणीचा, वनमालाताईचा फोन आला.

"युवराज, म्या पिशवी भरून ठिवलीय. सोमवारपातूर वाट बघती. न्हाईतर येती पालीला. कायमची."

"कावून गं ताई? काय झालं?"

"तुझे दाजी रोज पिऊन येत्यात."

मी हादरलो. ताईचा संसार मोडतोय हे तर झालंच, पण शेजारी उभी राहून ऐकणारी माझी बायको रोहिणी शांतपणे म्हणाली, "ताई इकडं कायमच्या आल्या, की मी जाणार माझ्या माहेरी." म्हणजे एका श्रावणात दोन घरं बसणार होती.

थोडी पार्श्वभूमी सांगायला हवी. आमचे दाजी, म्हणजे राधाकिशनराव, वडवणीतले पुढारी. शेती चांगली, बोलणं त्याहून चांगलं. अकरा महिने संध्याकाळी शेतातल्या आखाड्यावर, म्हणजे गोठ्याला लागून असलेल्या पत्र्याच्या शेडमध्ये, हरिबा नावाच्या जिवलग मित्राबरोबर बसायचं हा त्यांचा नेम. श्रावणात मात्र कडक बंद. पण यंदा आषाढ अमावस्येला त्यांनी पुढच्या महिन्याचीही एकाच बैठकीत उचल घेतली आणि नव्या जावयासमोर बैलाच्या गळ्यात पडून रडले. 'तूच एक माझा,' असं बैलाला म्हणाले. दुसऱ्या दिवशी ताईनं त्यांचा हात स्वतःच्या डोक्यावर ठेवून शपथ घ्यायला लावली: श्रावण संपेपर्यंत थेंब नाही.

शपथ तर घेतली, पण संध्याकाळ काही श्रावण पाळत नाही, ती रोज येतेच. मग दाजींनी तोडगा काढला. बिनदारूची बिअर. हरिबा बीडहून तऱ्हेतऱ्हेच्या बाटल्या आणायचा आणि महिना सुसह्य करील अशी एक चांगली बाटली निवडायचं काम आखाड्यावर चालायचं.

"बिनदारूची म्हणत्यात आन येताना झिंगत्यात," ताई फोनवर म्हणाली. "काही न्हाई तिथं हा एवढा पाय उचलत्यात, आन उंबरा हाय तिथं धडकत्यात. परवा इजेच्या खांबाला रामराम घातला. डोळे लाल. तोंडाला वास. सकाळी डोकं धरून बसत्यात. आता ह्याला काय म्हणू?" मग तिचा आवाज उतरला. "दारूचं सोड रे. माझ्या डोक्यावर हात ठिवून खोटं बोलले, ते सहन हुईना."

माझ्या बहिणीचा आवाज असा उतरलेला मी कधी ऐकला नव्हता. मला फार वाईट वाटलं. मी त्याच दुपारी बंकटला मोटारसायकलवर मागे बसवून वडवणी गाठली.

आखाड्यावर पोचलो तेव्हा बाजेवर बाटल्या रांगेनं मांडल्या होत्या. दाजी नाकावर काळ्या जाड काड्यांचा नवा चष्मा लावून एकेकीवरची चिठ्ठी वाचत होते. मी बंकटच्या कानात म्हणालो, "पाहिलास? लाल डोळे लपवायला चष्मा. मठ्ठ गुन्हेगार गॉगल लावतो. हुशार गुन्हेगार साधा चष्मा लावतो."

"साध्या चष्म्यातून डोळे दिसत्यात की."

"म्हणूनच कुणाला संशय येत नाही."

बंकटनं कान खाजवला. माझ्या तर्कापुढे त्याचा कान नेहमी असाच खाजतो.

"या पाव्हणं!" दाजी म्हणाले आणि एक बाटली उजेडाकडे धरली. "हरिबा, ही बाजूला ठिव. हिच्यावर बारीक लिवलंय, अर्ध्या टक्क्यापातूर असू शकते म्हणून. आपल्याला निखळ शून्य पायजे. म्या वनमालाच्या डोक्यावर अख्खा हात ठिवलाय, अर्धा न्हाई."

"अर्ध्या टक्क्यानं चिमणीबी झिंगत न्हाई बे," हरिबा कळवळून म्हणाला.

"चिमणीनं शपथ घेतली न्हाई."

मग चव बघणं सुरू झालं. बाटल्या दुपारपासून हौदाच्या गार पाण्यात बुडवून नुकत्याच बाहेर काढलेल्या. स्टीलचा पेला तिरका धरायचा, हळू ओतायचं, फेस किती टिकतो ते बघायचं, सोबत भाजलेले शेंगदाणे. पहिली दाजींना 'पाव भिजवलेल्या पाण्यासारखी' वाटली. लिंबाची होती ती 'तापातल्या माणसाला द्यायची.' तिसरी गोड निघाली. दाजी म्हणाले, "गोडच प्यायचं तर उसाचा रस काय वाईट?" चौथी गव्हाची, तिच्यावर मात्र ते थोडे थांबले. "फेस हाय. कडूपणा उशिरा येतो, पर येतो." एवढ्या गांभीर्यानं त्यांनी मुलीसाठी स्थळंही पाहिली नव्हती.

अंधार पडायच्या आत आम्ही घराकडे निघालो, आणि खरंच! चष्म्याआडून समोर बघत दाजी बांधावरून असे चालले, की जणू बांध त्यांना झटकतोय. सपाट वाटेवर ढांग टाकली, नाली आली तेव्हा सरळ नालीत. माझ्या डोळ्यांदेखत निखळ शून्य पिऊन माणूस झिंगला होता!

माझा पहिला तर्क तयार झाला: हरिबा. एकट्यानं पिण्यात त्याला गोडी नाही, तेव्हा तो दाजींच्या पेल्यात गुपचूप खरी मिसळत असणार. दुसऱ्या दिवशी बंकटनं आखाड्याजवळच्या बाभळीवर कॅमेरा चढवला. त्यात बहुतेक वेळ एका कावळ्याची शेपटी दिसली. कावळा उडाल्यावर मात्र हरिबा इकडेतिकडे बघून खिशातून पुडी काढताना आणि पेल्यात काहीतरी टाकताना स्पष्ट दिसला. मी झडप घालून पुडी पकडली. काळं मीठ निघालं.

"सोताच्या पेल्यात टाकतोय मी," हरिबा रडकुंडीला आला. "तुमचे दाजी चवीनं पेतेत. मला दोस्तीपायी प्यावं लागतंय. मिठाबिगर गिळतच न्हाई हो!"

दुसरा तर्क: कारखान्यातच घोटाळा. बाटलीवर शून्य, पोटात भलतंच. याची परीक्षा मी स्वतःवर केली. दाजींना आवडलेल्या गव्हाच्या चार बाटल्या लागोपाठ प्यायलो आणि बांधावरून सरळ चालून दाखवलं. तिसऱ्या पावलाला पडलो.

"सिद्ध झालं!" मी खालून ओरडलो.

"तुमी सकाळीबी हितंच पडलता," बंकट म्हणाला. "तवा तर चहाच पेलता." शिवाय झिंग सोडाच, मला एकाच गोष्टीची निकड जाणवत होती आणि ती बाभळीमागे भागली.

तिसरा तर्क मात्र असा होता की मला स्वतःचाच अभिमान वाटला. श्रावणात दाजी दिवसभर उपाशी. संध्याकाळी पोटात साबुदाण्याची खिचडी, आणि तिच्यावर ही बिअर. म्हणजे आंबवायला माल झाला, ओल झाली, ऊब तर आतच आहे. माणसाच्या पोटातच भट्टी लागते! मी ओसरीवर उभा राहून ताईला हे समजावून सांगितलं. शेजारी तिच्या सासूबाई, बायनाबाई मावशी, तांदूळ निवडत बसल्या होत्या.

"म्हंजी माझ्या खिचडीची दारू हुती?" ताईनं विचारलं.

"विज्ञानाच्या भाषेत, होय."

त्यानंतर ताईनं मला जेवायला वाढलं नाही. विज्ञानाची वाट खडतर असते.

आणि सोमवार उजाडला. दाजींचा उपवास, ताईचा उपवास आणि ताईचा राग ओढवून घेतल्यामुळे माझाही. दिवसभर नुसता चहा. संध्याकाळी ओसरीवर ताई बसली होती, पायाशी भरलेली पिशवी, बाजूला सूप घेऊन तांदूळ निवडणाऱ्या बायनाबाई. दाजी फाटकातून आत आले. मोकळ्या अंगणात त्यांनी गुडघ्यापर्यंत पाय उचलला, हवेतली पायरी चढले, आणि खऱ्या पायरीला ठेच लागून ओसरीवर पालथे पडले.

ताई उठली. तिनं पिशवी उचलली.

"वनमाला, एक थेंब न्हाई गं," दाजी पडल्या पडल्या म्हणाले. "तुझी आन."

"माझी आन घेऊ नगा!" ताईच्या डोळ्यांतून पाणी आलं. "अकरा महिने काय बोलले का म्या? एक महिना मागितला. तोबी खोटाच दिला. युवराज, गाडी काढ."

मी खिशातली किल्ली चाचपली. पण गुप्तहेरानं भावनेच्या आहारी जायचं नसतं. शेवटचा घाव घालायची वेळ आली होती. मी पुढे होऊन दाजींच्या नाकावरचा चष्मा काढून घेतला. "बघ ताई! ह्या चष्म्याआड दडवलेले डोळे बघ!" डोळे लालभडक होते. पुरावा म्हणून मोबाईलवर फोटो काढायचा होता, त्याला दोन्ही हात मोकळे हवेत, म्हणून चष्मा मी माझ्या नाकावर ठेवला, फोटो काढला आणि तो दाखवायला ताईकडे वळलो.

तोच अंगण वर आलं. खरं सांगतो, जमीन गुडघ्याशी येऊन थांबली. मी ती ओलांडायला पाय उचलला तर तिथं काहीच नाही, आणि पुढचा पाय पाण्याच्या बादलीत. समोर काहीतरी धूसर, काळं, मोठं दिसलं. मी हात जोडून म्हणालो, "मावशी, तुम्ही तरी ताईला समजावा."

"म्हशीला काय सांगतोस रे?" मागून बायनाबाई म्हणाल्या. "मी हिकडं हाय."

ताई किंचाळली, "तूबी पिऊन आलास? दाजीच्या मागं तूबी?"

"न्हाई ताई," बंकट म्हणाला. "सकाळपासून म्या संगंच हाय. चहाबिगर पोटात काय न्हाई."

बायनाबाईंनी तांदळाचं सूप बाजूला सारलं. "त्याच्या नाकावरचं ते काढा आधी."

बंकटनं चष्मा काढला. जमीन जागेवर गेली, म्हैस म्हैस झाली.

"मला वाटलं लांबचा चष्मा आसंल राधाकिशनचा," बायनाबाई म्हणाल्या. "हा तर वाचायचा हाय. तोबी लई जोराचा. असला लावून चाललं तर भुई वरखाली हुणार न्हाई तर काय? म्या पोथी वाचून उठती तवा आधी चष्मा डबीत घालती, मग पाय टाकती. डोळे लाल, डोकंदुखी, सगळं त्याचंच. वास तेवढा बाटलीचा."

हे मी सांगणारच होतो. फक्त बादलीतून पाय निघत नव्हता.

"दाजी, हा चष्मा आणला कुठून?" मी चौकशी हातात घेतली.

"बाजारातून," दाजी उठून बसत म्हणाले. "बाटलीवरचं बारीक वाचाया येईना. टक्के चुकले तर शपथ मोडंल. चष्मेवाला म्हणला, पेपर वाचून बगा. म्या म्हणलं, मला पेपर न्हाई, हे वाचायचंय, आन पिशवीतली रिकामी बाटली काढली. ज्याच्यातून ते अक्षर सगळ्यात मोठं दिसलं, तो घेतला. दिवसा घामानं घसरतो म्हणून खिशात, सांच्याला आखाड्यावर लावायचा."

"मग वाचून झाल्यावर काढायचा की!" ताई म्हणाली. तिच्या हातात पिशवी तशीच होती. "घरापातूर कशाला लावून यायचा? डोकं दुखत हुतं ना?"

सभेत तासभर बोलणारा माणूस, पण पायाच्या अंगठ्याकडे बघत बसला.

"बोला की."

"पयल्या दिवशी लावून आलो तवा तू चुलीपाशी हुतीस. वर बघितलंस आन म्हणलीस, चांगले दिसताय की." दाजींनी अंगठ्यावरची माती पुसली. "लगीन झाल्यापासून तू मला चांगलं दिसताय म्हणली न्हाईस. म्हणलं, दुखू दे डोकं."

बंकटसुद्धा दुसरीकडे बघायला लागला. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि मी ते बादलीच्या नावावर खपवलं.

ताईनं पिशवी खाली ठेवली, पदरानं डोळे पुसले. "येड्यावानी करता," ती म्हणाली. "बिनचष्म्याचेबी बरे दिसता."

"काय म्हणलीस?"

"एकदाच म्हणती मी."

मग तिनं बंकटला आखाड्यावर पाठवून उरलेल्या बाटल्या घरी मागवल्या. तिला बघायचंच होतं, एवढं निवडण्यासारखं त्यात आहे तरी काय. बंकटनं बाटल्या ओसरीवर मांडल्या. दाजींना आता एकही अक्षर दिसत नव्हतं, म्हणून त्यांनी गव्हाची बाटली ताईपुढे धरली. तिनं दिव्याखाली नेऊन चिठ्ठी पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली, मान हलवली, पेला तिरका धरून ओतलं आणि आधी स्वतःच मोठा घोट घेतला.

तिचा चेहरा आवळा चावल्यासारखा झाला. तो घोट कसाबसा गिळून तिनं पेला दाजींच्या हातात दिला.

"असल्या चवीपायी म्या माहेराला निघालते व्हय?"