परत येण्याचा पुरावा

वॉटफर्डला येऊन मला एक्केचाळीस वर्षं झाली. घरात सगळ्यांनी ब्रिटिश पासपोर्ट घेतले. मी घेतला नाही. (राणीच्या नावाने शपथ घ्यावी लागते, असं कळलं. मी मास्तरांचंही कधी ऐकलं नव्हतं. म्हणून तर शाळा चौथीत संपली.) तेव्हापासून घरात एक देश त्यांचा आणि एक माझ्या एकट्याचा.

यंदा नातीला, अन्वीला, ब्रसेल्समध्ये मुलगा झाला. फोनवर म्हणाली, "आजोबा, नाव तुम्हीच ठेवायचं. तुम्ही आलात तरच बारसं."

मुलगा माधव आणि सून सुनीती तिकिटं काढून मोकळे झाले. मला व्हिसा.

"बाबा, फॉर्म मी भरू?" सुनीतीने विचारलं.

"मला हात आहेत."

फोटो मंडळाच्या सत्काराचा लावला. फेटा, शाल, हातात नारळ. व्हिसा सेंटरच्या खिडकीतली मुलगी बघतच राहिली.

"सर, हा नारळ आहे."

"येस," मी म्हणालो.

नवा फोटो काढावा लागला. मग तिने विचारलं, "तुम्ही इथे परत याल, याचा पुरावा?"

"मी सांगतोय ना."

"कागद हवा, सर. नोकरी?"

"संपली."

"घर?"

"मुलाच्या नावावर. अहो, एक्केचाळीस वर्षं झाली मला इथे येऊन!"

"ते येण्याचं झालं, सर. हे परत येण्याचं."

बारसं पंधरा दिवसांवर. घरी येऊन सुनीतीला म्हटलं, "लिही काहीतरी." (जड गेलं.)

तिने लिहिलं आणि वाचून दाखवलं: 'माझे सासरे परत येतीलच. कुठल्या बुधवारी कचऱ्याची काळी बिन बाहेर ठेवायची आणि कुठल्या बुधवारी निळी, हे आमच्या रस्त्यावर फक्त त्यांनाच माहीत आहे. शेजारी त्यांची बघून आपली बाहेर काढतात.'

"इज्जत काढलीस माझी!"

"खोटं आहे का, बाबा?"

खोटं नव्हतं.

दहाव्या दिवशी व्हिसा आला. मोजून पाच दिवसांचा, मंगळवारपर्यंत.

बारसं थाटात झालं. नाव मी ठेवलं. सोमवारी अन्वी डोळ्यांत पाणी आणून म्हणाली, "अजून आठवडाभर राहा ना!"

"राहतो की," माधव म्हणाला. "आम्हाला कुठे व्हिसा लागतो?"

मग सगळे माझ्याकडे वळले.

"बाबा, तुम्ही व्हा पुढे," सुनीती म्हणाली. "परवा निळी ना?"

"काळी," मी म्हणालो आणि बॅग भरायला घेतली.