चार टाक्यांची शिस्त

दुरुस्त होऊन आलेली वस्तू नव्या वस्तूपेक्षा मोठ्या मानाची असते. नव्या वस्तूवर फक्त पैसे गेलेले असतात. दुरुस्त वस्तूवर मालकाची अब्रूही गेलेली असते.

जळगावच्या एका कॉलनीतल्या चुडामण आप्पांना हे ज्ञान गवत कापायच्या यंत्राने दिले. आप्पा वरणगावच्या कारखान्यातून भांडारपाल म्हणून निवृत्त झाले होते. (भांडारातून वस्तू बाहेर गेली की ती संपते, हे त्यांचे सेवाकाळातले संशोधन.) पत्नी सुंदरबाईंचे गुडघे धरले होते. डॉक्टर म्हणाले, रोज सकाळी आखूड गवतावर अनवाणी चाला, नाहीतर जिना उतरणे बंद होईल. कॉलनीच्या मोकळ्या जागेत गवत भरपूर होते, आखूड मात्र नव्हते. म्हणून बडोद्याच्या मुलाने पेट्रोलवरचे यंत्र पाठवून दिले.

पेट्रोलमध्ये ऑइल मिसळावे, असे सोबतच्या कागदावर छापले होते. पण आप्पांचे आयुष्य सायकलवर गेलेले. शुद्ध पेट्रोलात तेल ओतणे म्हणजे भेसळ, आणि भेसळ त्यांनी उभ्या जन्मात केली नव्हती. इंजिनाने हा प्रामाणिकपणा श्रावणापर्यंत सोसला. मग दोरी कितीही ओढली तरी ते नुसते सुस्कारे टाकू लागले.

फवारणी पंप दुरुस्त करणाऱ्या लोटन मिस्तरींनी ते उघडले. रिंगा झिजलेल्या, पिस्टनवर ओरखडे. मिस्तरींनी सिलिंडर बोअर करून घेतला, मापाने मोठा पिस्टन बसवला, गळके सील बदलले. पहिल्याच ओढीला इंजिन गाऊ लागले.

"बठ्ठं नवं शे, आप्पा, सगळंच नवं," मिस्तरी म्हणाले. "ऑइल टाकत जा. अन् पहिल्या चार टाक्या हलकं काम द्या. जास्त जोर नको."

आप्पांनी 'हलके काम' या संज्ञेचा सर्व बाजूंनी विचार केला. गवत कापणे हे यंत्राचे सर्वांत जड काम असल्याने ते प्रथम वगळण्यात आले. पाते काढून ठेवले. (उगाच उतावीळ व्हायला नको.) रोज संध्याकाळी यंत्र ओट्यावर थोडा वेळ चाले, आप्पा पाठीशी हात बांधून ऐकत, मग फडक्याने पुसून झाकत. एक टाकी दीड महिना पुरे. रोग म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला, असे शेजारी म्हणत. (म्हैस कोण, हे विचारायची हिंमत आप्पांना झाली नाही.)

गवत कमरेला लागले. सुंदरबाई डांबरी रस्त्यावर चालत आणि दुखण्याने रात्रभर कण्हत.

"मी विळ्याने पावलापुरती वाट करून घेते," त्या एकदा म्हणाल्या.

"घरात यंत्र असताना विळा?" आप्पांना मनापासून वाईट वाटले. "तुझ्यासाठीच तर जपतोय."

हे खरे होते. बायकोवर त्यांचा जीव होता. यंत्राचे हाल त्यांनी तिच्यासाठीच टाळले होते. गवत फार वाढून पुढे इंजिनावर ताण नको, म्हणून त्यांनी पाणी देणेही बंद करवले.

फाल्गुनात चौथी टाकी संपली. नारळ फुटला, पाते चढले, इंजिनाने काय आवाज दिला! तोवर जळगावच्या उन्हाने गवताची काडी ठेवली नव्हती. आप्पांनी शास्त्रापुरती थोडी धूळ कापली.

"आवाज चांगला आहे हो," सुंदरबाई गॅलरीतून म्हणाल्या.

आप्पांनी यंत्र धुतले आणि जुन्या लुगड्यात गुंडाळून माळ्यावर ठेवले. पुढच्या पावसाळ्यात गवत छान आले. तेव्हा सुंदरबाईंचा जिना बंद झाला होता.

वाचकांनी आप्पांना खुशाल हसावे. हसून घसा कोरडा पडला, तर आपल्या घरच्या काचेच्या कपाटातला चांगला टी-सेट काढावा आणि त्यातला पहिला चहा आईला द्यावा. तो सेट चांगल्या पाहुण्यांसाठी राखून ठेवला आहे, हे मान्य. पाहुणे अजून यायचे आहेत. ती जायच्या वयाची झाली.