दोन नंबरच्या घराचा मान

शिमग्याची पालखी कुठल्या घरी कधी येणार, हे यंदा गावाला फोनवर कळणार होतं. हातखंब्याजवळच्या त्या गावातल्या भिकाजी शिवगणांची लेक नम्रता पुण्याच्या कंपनीचं काम घरून करते. ॲप तिनेच लिहिलं. घराचा नंबर ही किल्ली, तिला जोडलेलं यजमानाचं नाव. अशा जोड्या टाकल्या की त्या किल्लीप्रमाणे आपोआप क्रमाने लावून देणारा तयार संग्रह प्रोग्रामिंगमध्ये असतो. तिने जोड्या त्यात ओतल्या आणि निर्धास्तपणे सगळ्यांना वेळापत्रक पाठवून दिलं.

भिकाजींचं घर दोन नंबरचं. गावच्या मानकऱ्याच्या, म्हणजे गावकाराच्या एक नंबरच्या घरानंतर पालखी त्यांच्याच दारात, हा पणजोबांपासूनचा मान. त्यासाठी माणूस मुंबईची नोकरी सोडून आलेला.

"काय गो, एकानंतर दहा? मग अकरा? आपण एकोणिसाच्याही मागं?"

नम्रताने लगेच कोड तपासला. नंबर तिने आकडे म्हणून न टाकता मजकूर म्हणून टाकले होते. मजकूर शब्दकोशासारखा पहिल्या अक्षरापासून लागतो; मग ज्यांच्या सुरुवातीला एक, ते सगळे आधी. दोनाचा नंबर त्यानंतर.

"एका मिनिटाचं काम आहे, बाबा. बदलते."

"नको. गाव म्हणेल, पोरीनं बापासाठी फिरवलं. त्यापेक्षा कौल लावू. देव काय आपला मान घालवतोय?"

देवळात रघू गुरवाने मूर्तीला दोन ओल्या पाकळ्या लावल्या आणि गाऱ्हाणं घातलं: फोनवरचा क्रम मान्य असेल तर उजवी दे. उजवी पडली. भिकाजी त्या दिवशी जेवले नाहीत. नम्रताला त्यांच्याकडे बघवेना.

दरवर्षी पुढची घरं उरकायची म्हणून पालखी त्यांच्याकडे टेकते न टेकते तोच उठायची. यंदा ती भर दुपारी आली. खांदेकरी पार थकलेले. पालखी पडवीत बसली ती उन्हं कलेपर्यंत हललीच नाही. भिकाजींच्या बायकोने, आनंदीबाईंनी, दोनदा भात टाकला. भिकाजी मात्र पालखीसमोरून उठले नाहीत. इतका वेळ देव त्यांच्या घरी कधीच थांबला नव्हता. त्यांना रडू आलं.

दुसऱ्या दिवशी नम्रता लॅपटॉप उघडून बसली.

"काय करतेस?"

"चूक सुधारते. पुढल्या वर्षी तुमचा दुसरा मान तुम्हाला..."

"हात लावू नको. कौल आहे तो."

नम्रताने थोडा विचार केला. मग कोडमधल्या त्या चुकीच्या ओळीच्या वर, पुढे कधी कुणी प्रोग्रामर आलाच तर त्याच्यासाठी, सूचना लिहिली: 'ही चूक आहे. ग्रामदेवतेला विचारल्याशिवाय दुरुस्त करू नये.'