पात्र रुग्ण पाहिजेत

आजारी पडणे कोणालाही जमते. आजारी म्हणून निवड होण्यासाठी मात्र अंगी गुणवत्ता असावी लागते, आणि नव्या औषधांच्या चाचण्या घेणाऱ्या संस्थांनी ही गुणवत्ता पारखण्याची जी पद्धत बसवली आहे, तिचे करावे तेवढे कौतुक थोडेच आहे. प्रस्तुत लेखकाला ती जवळून पाहायला मिळाली ती सासऱ्यांच्या कृपेने.

सासऱ्यांचे केस कापण्याचे दुकान आहे. दुकानात खुर्च्या दोन (एक गिऱ्हाइकासाठी, एक जुन्या वर्तमानपत्रांसाठी). वर्षभरापूर्वी त्यांचा उजवा हात थरथरू लागला. बहुतेक व्यवसायांत हा दोष किरकोळ समजतात. सह्या करणाऱ्या वरिष्ठांच्या बाबतीत तर तो अनुभवाचा पुरावा ठरतो. वस्तरा धरणाऱ्याच्या बाबतीत मात्र लोक विनाकारण हळवे होतात. नेहमीची गिऱ्हाइके एकेक करून कमी झाली. नेहमीच्या डॉक्टरांच्या नेहमीच्या गोळ्यांनी काही फरक पडला नाही.

"मला दुसरं काही येत नाही, जावईबापू," सासरे म्हणाले.

"आणि हे दिवसभर घरात बसले तर मला वेड लागेल," सासूबाई म्हणाल्या.

म्हणजे एकतर हात थांबायला हवा होता, नाहीतर दुकान.

थरथरीवरच्या नव्या गोळीच्या चाचण्या सुरू असल्याचे बायकोने इंटरनेटवर शोधून काढले. तिथे चाचण्यांची भलीमोठी यादी असते आणि प्रत्येकीपुढे 'भरती सुरू', 'भरती लवकरच', 'भरती पूर्ण' किंवा 'भरतीबाबत माहिती उपलब्ध नाही' असे स्पष्ट लिहिलेले असते. फोन केल्यावर चारही ठिकाणी एकच संगीत ऐकू येते. त्यामुळे कोणावरही अन्याय होत नाही.

पात्रतेच्या अटी वाचल्यावर ध्यानात येते, की संस्थांना आजारी माणूस हवा असतो. फक्त तो आजार सोडला तर ठणठणीत हवा. रक्तदाब नसावा (अजिबातच नसेल तर मात्र रुग्णाचा विचार होत नाही). साखर नसावी. गरोदर नसावा, इथे सासऱ्यांना निर्विवाद यश मिळाले. चाचणी चालू असताना दुसऱ्या कशाने मरण्याची चिन्हे नसावीत. संमतिपत्रावरची सही स्वच्छ आणि जुन्या सहीशी तंतोतंत जुळणारी असावी. चाचणी हात थरथरणाऱ्यांची होती.

एका संस्थेला आजवर काहीच औषध न घेतलेले रुग्ण हवे होते. दुसरीला तीन औषधे घेऊनही फरक न पडलेले हवे होते. सासऱ्यांनी दोन घेतली होती. तेव्हा गुण येणार नाही अशी आणखी एखादी गोळी लिहून द्यावी, ही विनंती घेऊन आम्ही नेहमीच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी ती फारसा विचार न करता लिहून दिली.

मुलाखतीच्या दिवशी सासरे इस्त्रीचा सदरा घालून गेले. दाढी समोरच्या दुकानातून करून घेतली, यावरून प्रसंगाचे गांभीर्य लक्षात यावे. तपासायला एक तरुण डॉक्टर मुलगी होती. तिने हसून विचारले, "काय काका, कसं आहे?"

"बरं आहे," सासरे म्हणाले.

"आणि हात?"

"बरंय की. चालायचंच."

तिने ते लिहून घेतले. आठवड्याने निकाल आला: रुग्ण स्वतःच्या सांगण्यानुसार बरा आहे, सबब अपात्र.

इथे संस्थेला दोष देता येणार नाही. 'बरं आहे' हे आपल्याकडे उत्तर नसून प्रश्न पोचल्याची पावती आहे. पाय प्लॅस्टरमध्ये असलेला माणूस ते म्हणतो, नोकरी गेलेला म्हणतो, नुकताच घटस्फोट झालेलाही म्हणतो. पुढे 'चालायचंच' जोडले म्हणजे परिस्थिती गंभीर आहे असे समजायचे. पण ठणठणीत झालेल्यालाही आपण 'बरा'च म्हणतो, आणि तपासणीच्या तक्त्यात 'बरा' या शब्दासाठी चौकट एकच होती.

"घरी पाणी विचारलं तरी कण्हता," सासूबाई कडाडल्या, "आणि नको तिथे बरं आहे?"

"अगं, ती पोर इतक्या आपुलकीनं विचारते. तिच्या तोंडावर वाईट आहे म्हणायचं?" सासरे म्हणाले. "मी रोज मागे आरसा धरून विचारतो ना, बरंय ना? आजवर एकही माणूस 'नाही' म्हणाला नाही. परवा ज्याच्या कानाला लागलं, तोसुद्धा बरंय म्हणाला." मग म्हणाले, "परत आला नाही, एवढंच."

सासूबाईंचा राग तिथेच विरघळला. त्या उठून उगाच भांडी लावायला गेल्या.

दुसऱ्या दिवसापासून सराव सुरू झाला. सासूबाई डॉक्टर झाल्या. "कसं आहे?" असे त्या वेळी-अवेळी, जिन्यात, न्हाणीघराच्या दारातून विचारत आणि सासरे "वाईट आहे" म्हणत. सुरुवातीला ते हे शिवी दिल्यासारखे पुटपुटत आणि मागाहून माफी मागत. हळूहळू आवाजात आत्मविश्वास आला. पुढे आणखी एका संस्थेत त्यांनी "फार वाईट आहे" असे खणखणीत सांगितले आणि सहीसुद्धा श्वास रोखून जमवली. निवड झाली. नातेवाइकांचे अभिनंदनाचे फोन आले. खालच्या मजल्यावरच्या काकूंनी, ज्यांचा भाऊ तीन ठिकाणी अपात्र ठरला होता, आमच्याशी बोलणे कमी केले.

निम्म्या रुग्णांना खरी गोळी आणि निम्म्यांना तशीच दिसणारी रिकामी गोळी मिळेल, आणि कोणाला कोणती हे रुग्णाला, डॉक्टरला, कोणालाही कळणार नाही, असे आम्हाला समजावून सांगण्यात आले. (कोणालाच काही माहीत नसणे ही स्थिती इतर कार्यालयांत आपोआप येते. इथे ती खर्च करून आणावी लागते.)

दर महिन्याला तपासणी असे. बाहेरच्या बाकावर सासऱ्यांसोबत एक निवृत्त शिक्षिका, एक बसचालक आणि एक शिंपी बसत. चौघांच्या हातात चहा दिला की बशांचा आवाज थेट लिफ्टपर्यंत येई. थरथर मोजण्याचे यंत्र होते, पण ते दुरुस्तीला गेले होते. म्हणून इथली डॉक्टर, तीही तरुण मुलगीच, प्रत्येकाला आत बोलावून विचारी, "आता कसं वाटतंय?"

"बरं वाटतंय," शिक्षिका म्हणत. बसचालकही तेच म्हणे. शिंपी "खूपच" अशी भर घाली.

"बाबा, तुम्हीसुद्धा?" मी बाहेर आल्यावर विचारले.

"सराव निवड होईपर्यंतचा होता, जावईबापू," सासरे म्हणाले. "आता ओळख झाली. तिचं हे पहिलंच मोठं काम आहे म्हणे. दुपारचं जेवायलासुद्धा उठत नाही बिचारी."

चाचणी संपल्यावर, कोणाला कोणती गोळी दिली याची बंद पाकिटे उघडली. सासऱ्यांना खरी गोळी मिळाली होती. त्यांचा हात पूर्वीपेक्षा जास्त थरथरत होता.

त्याच आठवड्यात त्यांनी एका जुन्या गिऱ्हाइकाच्या मागे आरसा धरला आणि सवयीने विचारले, "बरंय ना?" गिऱ्हाइकाने मानेवरचा कापूस दाबत "बरंय" म्हटले. सासरे आरशातच त्याच्याकडे बघत म्हणाले, "नाही हो. बरं नाहीये." मग त्यांनी त्याच्या खांद्यावरचा कपडा काढून झटकला, घडी घातली आणि शटर ओढले. मला फार वाईट वाटले. घरी सासूबाईंनी स्वतःच टीव्ही लावला आणि रिमोट सासऱ्यांच्या हातात दिला. बटण नेमके दाबले जात नव्हते, तेव्हा दोघांनी मिळून जे लागेल ते पाहिले.

चाचणी मात्र कमालीची यशस्वी झाली. रिकामी गोळी घेणाऱ्यांपैकी शेकडा ब्याऐंशी जणांनी बरे वाटत असल्याचे सांगितले, खरी घेणाऱ्यांपैकी शेकडा चौऱ्याऐंशी जणांनी. दोनाचा फरक ठळक अक्षरांत छापण्यात आला. (शिंप्याचे 'खूपच' वेगळे मोजले होते.) गोळीला मान्यता मिळाली आणि ती दुकानांत आली. फिकट गुलाबी आहे, पाण्याबरोबर सहज जाते. आता ती थरथरीखेरीज धडधड, अपुरी झोप आणि उगाचच वाटणारी काळजी यांवरही सर्रास देतात, म्हणजे आज ना उद्या सगळ्यांनाच.

तुमच्या उशाशी असलेली गोळ्यांची पट्टी आता उलटून पाहू नका; नावे फार बारीक छापतात. तिचा तुम्हाला गुण आलेलाच आहे. गेल्या खेपेस डॉक्टरांनी मान वर न करता "कसं आहे?" म्हणून विचारले, तेव्हा तुम्ही जे म्हणालात, ते त्यांनी लिहून घेतले आहे.